हर्मान मिन्कोव्स्की : खड्डा नसलेल्या आकारांचा गणिती

हर्मान मिन्कोव्स्की हे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते ते आइन्स्टाइन यांच्या संदर्भात. झुरिकमध्ये आइन्स्टाइन यांना गणित शिकवणारे प्राध्यापक आणि पुढे त्याच विद्यार्थ्याच्या सापेक्षता सिद्धांताला अवकाश-कालाची भूमिती देणारे गणिती, एवढी त्यांची ओळख. पण अवकाश-कालाचे काम त्यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटच्या दोनेक वर्षांतले आहे. त्याआधी जवळजवळ वीस वर्षे ते एका साध्या दिसणाऱ्या गुणधर्माच्या मागे लागले होते. तो गुणधर्म म्हणजे बहिर्वक्रता. आर्थिक बाजारात हिलाच कॉन्व्हेक्सिटी म्हणतात.

आधी या शब्दाचा अर्थ पाहू. एखाद्या आकारातले कोणतेही दोन बिंदू घ्या आणि ते सरळ रेषेने जोडा. दोन बिंदू कुठलेही घेतले तरी ती रेषा आकाराबाहेर पडत नसेल, तर तो आकार बहिर्वक्र. नाणे, वीट, क्रिकेटचा चेंडू हे सगळे बहिर्वक्र. चंद्रकोर बहिर्वक्र नाही, कारण तिची दोन टोके जोडणारी रेषा मधल्या मोकळ्या जागेतून जाते. मेदूवडाही नाही, कारण मध्ये भोक आहे. शाळेत भिंगे शिकताना आपण बहिर्वक्र म्हणजे बाहेर फुगलेले असे पाठ करतो, पण गणितातल्या व्याख्येला फुगवटा लागत नाही. विटेला कुठला आला फुगवटा? आकारात कुठे खड्डा नको, खाच नको, भोक नको, इतकीच अट.

एवढ्याशा अटीतून काय निघू शकते, असे वाटणे साहजिक आहे. मिन्कोव्स्की यांचे बरेचसे काम म्हणजे या शंकेचे उत्तर आहे.

कोनिग्सबर्गचा मुलगा

त्यांचा जन्म 22 जून 1864 रोजी काउनास शहराजवळच्या अलेक्सोतास या गावी झाला. हा भाग आज लिथुएनियात आहे, तेव्हा तो रशियन साम्राज्यात होता. कुटुंब ज्यू, वडील व्यापारी. हर्मान आठ वर्षांचे असताना कुटुंब प्रशियातल्या कोनिग्सबर्ग या विद्यापीठाच्या शहरात येऊन स्थायिक झाले. थोरले भाऊ ऑस्कर पुढे डॉक्टर झाले. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे 1889 मध्ये फोन मेरिंग यांच्यासोबत दाखवून देणारे ऑस्कर मिन्कोव्स्की ते हेच. एका घरातून मधुमेहाच्या संशोधनाचा पाया आणि बहिर्वक्रतेची भूमिती अशा दोन गोष्टी निघाल्या, हा योग दुर्मीळच.

हर्मान यांनी शाळा लवकर संपवली आणि पंधराव्या वर्षी विद्यापीठात प्रवेश घेतला. 1881 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने एका मोठ्या पारितोषिकासाठी प्रश्न जाहीर केला: एखादी पूर्ण संख्या पाच वर्गांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येते? उदाहरणार्थ, 5 ही संख्या पाच वेळा 1 घेऊन लिहिता येते, तशीच 4 आणि 1 आणि तीन शून्ये घेऊनही. आयझेनस्टाइन या जर्मन गणितज्ञाने याची सूत्रे सिद्धतेशिवाय देऊन ठेवली होती. सतरा वर्षांच्या मिन्कोव्स्की यांनी मे 1882 मध्ये सुमारे 140 पानांचे हस्तलिखित पाठवले. त्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तर होतेच, शिवाय कितीही चलांच्या द्विघाती राशींचा, म्हणजे ज्यांत प्रत्येक पदाची घात दोन असते अशा राशींचा, व्यापक सिद्धांत होता. निबंध फ्रेंचमध्ये हवा असा नियम होता. त्यांनी तो जर्मनमध्येच पाठवला, भाषांतर करायला वेळच उरला नव्हता.

इथे एक गुंतागुंत झाली. ऑक्सफर्डचे हेन्री स्मिथ यांनी हे उत्तर 1867 मध्येच थोडक्यात प्रसिद्ध केले होते आणि अकादमीला त्याचा पत्ताच नव्हता. लक्षात आणून दिल्यावर स्मिथ यांनाही सविस्तर सिद्धता पाठवण्यास सांगण्यात आले. एप्रिल 1883 मध्ये पारितोषिक दोघांत विभागून जाहीर झाले. स्मिथ फेब्रुवारीतच वारले होते, आणि दुसरा विजेता अठरा वर्षांचा होता. काही फ्रेंच वर्तमानपत्रांनी या निकालावरून गदारोळ केला. अकादमीतल्या गणितज्ञांनी मात्र निकाल बदलला नाही.

याच काळात कोनिग्सबर्गमध्ये त्यांची मैत्री डेव्हिड हिल्बर्ट यांच्याशी झाली. हिल्बर्ट दोन वर्षांनी मोठे, पण गणितात तेव्हा मिन्कोव्स्की पुढे होते. 1884 मध्ये आडोल्फ हुर्विट्झ हे तरुण शिक्षक तिथे आले आणि तिघांचा रोज संध्याकाळी फिरायला जाण्याचा परिपाठ सुरू झाला. चालता चालता त्यांनी गणिताचा कानाकोपरा चर्चून काढला. स्वभावाने मिन्कोव्स्की लाजाळू, वर्गात बोलताना अडखळणारे. मित्रांत मात्र खुलत.

लंबवर्तुळ गळून पडते

डॉक्टरेटनंतर 1887 मध्ये ते बॉन विद्यापीठात शिकवू लागले. तिथे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कल्पना आकाराला आली. पाच वर्गांच्या प्रश्नातूनच ती निघाली, म्हणून जरा थांबून पाहू.

चौकटीच्या वहीचे पान डोळ्यांसमोर आणा. रेषा जिथे एकमेकींना छेदतात ते बिंदू म्हणजे पूर्णांकांच्या जोड्या. यांना जालबिंदू म्हणू. मधोमध एक बिंदू आरंभबिंदू धरा. द्विघाती राशीची सर्वांत लहान किंमत कोणती, हा संख्याशास्त्रातला जुना प्रश्न चित्रात असा दिसतो: आरंभबिंदूभोवती एक लंबवर्तुळ हळूहळू फुगवत न्या, ते दुसऱ्या एखाद्या जालबिंदूला पहिल्यांदा कधी टेकेल? फ्रान्सच्या हर्मिट यांनी याची मर्यादा बीजगणिताने काढली होती, पण मिती वाढतील तशी ती भराभर फुगत जाई. मिन्कोव्स्की यांनी क्षेत्रफळाच्या आणि घनफळाच्या आधारे फार सोपी आणि अधिक चांगली मर्यादा काढली.

त्यानंतर त्यांनी आपलीच सिद्धता पुन्हा तपासली. लंबवर्तुळाचा लंबवर्तुळपणा तिच्यात कुठे वापरलाच नव्हता, हे त्यांच्या लक्षात आले. दोनच गोष्टी लागल्या होत्या: आकार आरंभबिंदूच्या दोन्ही बाजूंना सारखा असावा, आणि तो बहिर्वक्र असावा. मग आकार चौकोन असो, षट्कोन असो की आणखी काही. अशा आकाराचे क्षेत्रफळ 4 चौकटींहून जास्त असेल, तर त्यात आरंभबिंदूखेरीज आणखी एक तरी जालबिंदू सापडलाच पाहिजे. तीन मितींत 4 ऐवजी 8, चार मितींत 16, असे दुपटीने पुढे. संख्याशास्त्रात आज मिन्कोव्स्कीचे प्रमेय म्हणतात ते हेच.

याचे कारण पंगतीच्या उदाहरणाने समजते. प्रत्येक जालबिंदूवर एक पाहुणा बसवा. पानावर प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर एक चौकट जागा येते. आता मूळ आकार लांबी-रुंदीत निम्मा करून त्याची सतरंजी प्रत्येकाला द्या. मूळ क्षेत्रफळ 4 हून जास्त होते, म्हणजे सतरंजीचे 1 हून जास्त. जागा एक चौकट आणि सतरंजी त्याहून मोठी, तेव्हा कोणाच्या तरी सतरंज्या एकमेकींवर चढणारच. त्या जिथे चढल्या तिथला एक बिंदू घ्या. त्यावरून मूळ आकारातले दोन बिंदू मिळतात. त्यांतला एक आरंभबिंदूच्या पलीकडे उलटा ठेवा (आकार दोन्हीकडे सारखा असल्याने तो आतच राहतो) आणि दोहोंचा मध्यबिंदू काढा. हिशेब केला की तो मध्यबिंदू जालबिंदूच निघतो. आकारात खड्डा नसल्यामुळे तोही आतच असणार. अख्ख्या सिद्धतेत बहिर्वक्रता एकाच ठिकाणी, या शेवटच्या पायरीवर लागते. ती काढून घेतली की प्रमेय कोसळते.

हे प्रमेय किती हाताशी आहे ते बागेत दिसते. समजा मोसंबीची झाडे ओळीने पाच-पाच मीटरवर चौकटीत लावली आहेत आणि प्रत्येक खोडाची त्रिज्या 25 सेंटिमीटर, म्हणजे अंतराच्या विसाव्या भागाइतकी आहे. मधल्या एका झाडाच्या जागी तुम्ही उभे आहात. कोणत्याही दिशेला बघा, तुमच्या नजरेच्या रेषेभोवती खोडाच्या जाडीइतका अरुंद पट्टा कल्पा, मागे आणि पुढे सारखाच लांबवा. पट्टा आयत आहे, म्हणजे बहिर्वक्र. त्याचे क्षेत्रफळ 4 चौकटींच्या पुढे गेले की त्यात झाड आलेच. हिशेबाने ते अंतर वीस ओळी, म्हणजे शंभरेक मीटर येते. बाग कितीही अफाट असो, नजर त्यापलीकडे जाऊ शकत नाही.

संख्याशास्त्राला भूमितीने हात घालण्याच्या या पद्धतीला त्यांनी संख्यांची भूमिती असे नाव दिले. त्याच नावाच्या त्यांच्या ग्रंथाचा मोठा भाग 1896 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात रामप्रकाश बांबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषयात अनेक दशके काम केले.

अंतर म्हणजे काय

बॉनहून ते 1894 मध्ये कोनिग्सबर्गला परतले आणि 1896 मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठात गेले. तिथे हुर्विट्झ आधीपासून होते. पुढच्या वर्षी त्यांचा आउगुस्टे आडलर यांच्याशी विवाह झाला. दोन मुली झाल्या.

त्यांच्या 1896 च्या ग्रंथातली आणखी एक कल्पना मला जालबिंदूंच्या प्रमेयाहूनही खोल वाटते. आरंभबिंदूपासून एक एकक किंवा त्याहून कमी अंतरावरचे सगळे बिंदू घेतले की वर्तुळ मिळते. मिन्कोव्स्की यांनी हे उलटे केले. आधी आकार ठरवा, मग त्यालाच एककाचे माप माना. चौकटीत आखलेल्या शहरात रिक्षा रस्त्यांवरूनच जाऊ शकते, इमारतींवरून नाही. तिथे एका किलोमीटरच्या आतली जागा वर्तुळ नसते, टोकावर उभ्या केलेल्या चौकोनासारखी असते. मग कोणताही आकार माप म्हणून चालेल का? अंतराची एक अट आपण कधी सोडत नाही: आडवळणाने गेल्यास सरळ वाटेपेक्षा कमी अंतर पडता कामा नये. ही अट पाळली जाते ती नेमकी आकार बहिर्वक्र असेल तेव्हाच. आकारात खड्डा असला की त्या दिशेचा सरळ रस्ता महाग होतो आणि वळसा स्वस्त पडतो. म्हणजे अंतर या रोजच्या कल्पनेच्या मुळाशीही बहिर्वक्रताच बसलेली होती.

झुरिकला त्यांच्या वर्गात आइन्स्टाइन होते, निदान नावनोंदणी तरी होती. ते तासांना फारसे येत नसत आणि मिन्कोव्स्की यांचे त्यांच्याबद्दलचे मत काही चांगले नव्हते.

गटिंगेन, आणि एक टेलिफोन इंजिनिअर

1902 मध्ये हिल्बर्ट यांनी आग्रह धरून त्यांच्यासाठी गटिंगेनमध्ये नवे प्राध्यापकपद निर्माण करवले. दोघा मित्रांचे फिरणे पुन्हा सुरू झाले. मिन्कोव्स्की आता बहिर्वक्र आकारांकडे संख्याशास्त्राचे साधन म्हणून पाहत नव्हते, तो स्वतंत्र विषय झाला होता. बहिर्वक्र बहुपृष्ठकाच्या प्रत्येक पृष्ठाची दिशा आणि क्षेत्रफळ सांगितले की तसा ठोकळा एकच असतो, हे त्यांनी 1897 मध्ये सिद्ध केले होते. 1903 मध्ये त्यांनी घनफळ आणि पृष्ठफळ यांवर मोठा लेख लिहिला. दोन आकारांची बेरीज करण्याची त्यांची रीत त्यात मध्यवर्ती आहे: एका आकाराच्या प्रत्येक बिंदूवर दुसरा आकार ठेवा आणि मिळून जेवढी जागा व्यापली जाईल ती बेरीज. अशा बेरजेचे घनफळ निदान किती असेल, हे सांगणारी असमानता म्यूनिकचे हेर्मान ब्रुन आणि मिन्कोव्स्की यांच्या नावाने ओळखली जाते.

आणखी एक साधन त्यांनी घडवले. बहिर्वक्र आकाराच्या कडेवरचा कोणताही बिंदू घ्या, तिथे एक सरळ फळी अशी टेकवता येते की अख्खा आकार फळीच्या एकाच बाजूला राहतो. खड्ड्याच्या तळाशी फळी टेकवून पाहा, जमणार नाही. या टेकणाऱ्या रेषेची गरज आपल्याला लगेच पडणार आहे.

1906 मध्ये कोपनहेगनमधल्या टेलिफोन कंपनीत इंजिनिअर असलेल्या योहान जेन्सन यांनी बहिर्वक्र फलनांवर लेख प्रसिद्ध केला. विद्यापीठात त्यांना कधी नोकरी नव्हती, गणित फावल्या वेळातले. आलेखाच्या वरचा भाग बहिर्वक्र आकार असेल, म्हणजे आलेख वाटीसारखा असेल, तर ते फलन बहिर्वक्र. अशा आलेखावर दोन उंचींची सरासरी ही मधल्या बिंदूच्या उंचीपेक्षा कमी कधीच नसते. जेन्सन यांची असमानता ती हीच, आणि बाजारातली कॉन्व्हेक्सिटीही याच असमानतेतून येते.

समजा एक रोखा दहा वर्षांनी एकरकमी 100 रुपये देणार आहे, मध्ये व्याज नाही. बाजारातला व्याजदर 7 टक्के असताना त्याची आजची किंमत 50.83 रुपये. दर 8 टक्के झाला तर किंमत 46.32 वर येते, म्हणजे साडेचार रुपयांचा तोटा. दर 6 टक्के झाला तर किंमत 55.84, म्हणजे पाच रुपयांचा फायदा. दर दोन्हीकडे सारखाच हलला, तरी फायदा तोट्याहून मोठा. मुदत तीस वर्षांची केली तर 7 टक्क्यांना किंमत 13.14 रुपये. दर वाढल्यास तोटा 3.20, उतरल्यास फायदा 4.27. कारण एकच, किंमत आणि दर यांचा आलेख वाटीसारखा आहे.

अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक मेकॉले यांनी 1938 मध्ये ड्युरेशन हे माप मांडले. त्यावरून व्याजदर थोडा हलला तर किंमत किती हलेल याचा अंदाज काढतात. चित्रात पाहिले तर हा अंदाज म्हणजे आलेखाला आजच्या दरापाशी टेकवलेली सरळ फळी. खरी किंमत त्या फळीच्या नेहमी वरच राहते आणि फळीपासून आलेख किती लवकर उचलला जातो याचे माप म्हणजे कॉन्व्हेक्सिटी. अर्थात बाजार हा फायदा फुकट देत नाही. जास्त बहिर्वक्र रोख्यासाठी लोक जास्त किंमत मोजतात. आणि काही करारांत ही वाटी पालथी पडते. स्थिर व्याजाचे गृहकर्ज देणाऱ्या संस्थेचे तसे होते: दर उतरले की कर्जदार जुने कर्ज फेडून स्वस्त कर्ज घेतात, म्हणून तिचा फायदा आखडतो, तोटा मात्र पुरता पदरात पडतो.

मिन्कोव्स्की यांचा रोख्यांशी काही संबंध नव्हता. त्यांचे लक्ष तोवर भौतिकशास्त्राकडे वळले होते.

शेवटचे वर्ष

1905 मध्ये हिल्बर्ट आणि ते मिळून इलेक्ट्रॉन सिद्धांतावर अभ्यासवर्ग चालवत होते. त्याच वर्षी आइन्स्टाइन यांचा लेख आला. झुरिकच्या त्या विद्यार्थ्याकडून एवढी अपेक्षा मिन्कोव्स्की यांनी केलेली नव्हती. 21 सप्टेंबर 1908 रोजी कलोन शहरात त्यांनी अवकाश आणि काल या विषयावर व्याख्यान दिले आणि दोन्ही मिळून चार मितींची एकच भूमिती मांडली. या भूमितीत अंतराची जुनी अट उलटी होते: दोन घटनांना जोडणाऱ्या सरळ वाटेने गेलेल्या घड्याळात जास्त वेळ जातो, वळसा घेतलेल्या घड्याळात कमी. बहिर्वक्रतेच्या नजरेने पाहिले तर कारण लगेच दिसते. नेहमीच्या भूमितीत एककाच्या आतला भाग बहिर्वक्र असतो, इथे भविष्याकडचा एककाच्या पलीकडचा भाग बहिर्वक्र असतो, म्हणून असमानता फिरते.

जानेवारी 1909 च्या दुसऱ्या रविवारी, 10 तारखेला, त्यांच्या पोटात एकाएकी तीव्र कळा आल्या. अपेंडिक्सचा दाह होता. शस्त्रक्रिया झाली, पण मंगळवारी, 12 जानेवारीला त्यांचे निधन झाले. वय अवघे चव्वेचाळीस. वर्गात ही बातमी सांगताना हिल्बर्ट यांना रडू आवरले नाही, हे विद्यार्थ्यांनी पहिल्यांदाच पाहिले.

प्रत्येक पूर्ण संख्या ठरावीक मर्यादेइतक्या वर्गांची, घनांची किंवा त्यापुढच्या घातांची बेरीज असते, हे हिल्बर्ट यांनी नुकतेच सिद्ध केले होते. वर्गांच्या बेरजेपासूनच मिन्कोव्स्की यांची सुरुवात झाली होती. तो लेख हिल्बर्ट यांनी मित्राच्या स्मृतीला अर्पण केला. संख्यांच्या भूमितीवरचा ग्रंथ अपुरा राहिला होता, तो 1910 मध्ये पूर्ण स्वरूपात बाहेर आला. 1911 मध्ये हिल्बर्ट यांनी संपादित केलेले समग्र लेखनाचे दोन खंड निघाले. मिन्कोव्स्की यांच्या कागदपत्रांत बहिर्वक्र घनाकृतींवरचे एक लांबलचक, पूर्वी न छापलेले हस्तलिखित सापडले होते, तेही त्यात आहे.